व्होल्टेजची साडेनऊची गाडी

१

पेणच्या खारेपाटात शेतात पाणी असणं ही काही बातमी नाही. पण ऑक्टोबर महिन्यात, भाताच्या लोंब्या भरत आलेल्या असताना, शेतात गुडघाभर पाणी आणि तेही खारं, म्हणजे बातमीच. १९९७ सालच्या कोजागिरीनंतरच्या रविवारी सकाळी सीतामावशीच्या शेतात असं पाणी होतं. बांधावर तिचा भाचा नाथा हातात बॅटरी घेऊन उभा होता. त्याला पोलिसांनी तिथूनच उचललं.

मावशीचा फोन आला तेव्हा मी रोह्याला आईकडे चहा पीत होते. आई पूर्वी पेणला शिक्षिका होती. ती शाळेत जायची तेव्हा मला सांभाळायची ती सीतामावशी.

"नमू, तू पेपरात हायस ना गो? ये लवकर. नाथाला नेला."

मी पेपरात होते हे खरं. मुंबईच्या एका सांजदैनिकात दर सोमवारी डिस्को आणि क्लबांवर लिहायचे. नाव नम्रता असलं तरी माझ्या सदरात ती कुणाला सापडलेली नाही. आणि का सापडावी? त्या काळी शहरातली नाचायची ठिकाणं म्हणजे चार गाणी, चाळीस रीमिक्स आणि चारशे मठ्ठ चेहरे. पोलीस क्लब लवकर बंद करायला लागले, तेव्हा ही मंडळी आपण फार मोठे बंडखोर असल्यासारखी गाड्या काढून पेणपर्यंत यायला लागली. पेणबाहेरच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीला काळा रंग फासून कुणीतरी 'व्होल्टेज' नावाचा क्लब काढला होता. भाताऐवजी आता तिथे माणसं सडली जात होती. मावशीचं शेत त्या गिरणीला लागूनच होतं.

मी स्टेशनवर गेले तर तिकीट खिडकी बंद. रुळांचं काम काढलं होतं. शनिवार दुपारपासून पनवेल-रोहा मार्गावर एकही गाडी धावली नव्हती आणि रविवारी दुपारपर्यंत धावणार नव्हती. मुकाट्याने एसटी पकडली. शेजारी कोंबड्यांची पाटी, मागे रडणारं पोर, आणि नागोठण्यापर्यंत उभ्याने प्रवास. पेणला उतरले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं.

मावशी दारातच बसली होती. मला वाटलं रडेल. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग गो. माझ्या पोरानंच केला नसंल ना?"

२

आधी काय झालं होतं ते सांगते.

खाडीच्या बांधात एक लाकडी झाप असते. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. शनिवारी कुणीतरी झाप आणि चौकट यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठोकला होता. भरती आली, झाप मिटली नाही आणि रातोरात खाडी शेतात शिरली. एकदा खारं पाणी मुरलं की तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही.

"उघाडीवर नजर नाथाच ठेवतो ना?" मी विचारलं.

"व्हय. दिवे लागायला बघून आला, आठला जेवला, आडवा झाला. मी शेजारी बायजाबाईकडं भजनाला गेले. परत आले तवा झोपलेला व्हता. मंग भरतीच्या टायमाला उठून गेला नि बोंब मारली."

"मग तुला शंका का येते?"

मावशी पदराचं टोक पिळत राहिली. "त्या क्लबवाल्याकडं नोकरी मागाय गेलेला. मना न विचारता. दारावर उभं राहाची नोकरी. तो शेठ बोलला, आधी मावशीची जमीन दे. आठ दिवस झाले, माझ्याशी भांडतंय. बोलतं, चिखलात काय ठेवलाय?"

"हे तू पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितला," ती म्हणाली. "खोटा कशी बोलू?"

म्हणजे नाथाला आत घालणारी साक्ष तिचीच होती. बहिणीच्या माघारी वाढवलेला पोर. जमीन गेली त्याचं दुःख तिला होतंच, पण ती बसली होती ती या एका गोष्टीपाशी. नाथाने केलं असेल तर तिचं घरही गेलं होतं.

मी उघाडीवर जाऊन तो ठोकळा पाहिला. सकाळी गावकऱ्यांनी उपसून बांधावर टाकला होता. चांगला सागवानी तुकडा, आणि एका अंगाला काळा रंग. पेणमध्ये लाकूड काळं रंगवणारे अरसिक एकाच ठिकाणी राहत होते.

३

व्होल्टेजचा मालक प्रविणशेठ दुपारच्या उन्हात काळा चष्मा लावून गिरणीच्या पायरीवर बसला होता. आदल्या रात्रीच्या 'कोजागिरी रेव्ह'चे प्लास्टिकचे पेले आवारभर पडले होते. कोजागिरी तीन दिवस आधीच होऊन गेली होती, पण चंद्रानेही यांच्या शनिवारची वाट बघायला हवी होती.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "मी तर म्हाताऱ्या बाईंना आजही चांगला भाव देईन. खाऱ्या जमिनीला कोण विचारतं, सांगा तुम्हीच."

"काय करणार जमिनीचं?"

"ओपन एअर फ्लोअर. समुद्रकिनाऱ्याची वाळू टाकणार. तुम्ही लिहा ना त्याच्यावर."

"काल संध्याकाळी आठ ते साडेदहा कुठे होतात?"

तो हसला. "गेटवर. दोनशे लोकांशी हात मिळवत होतो. आणि मॅडम, ती झडप का बिडप कधी उघडते, कधी मिटते, मला काय ठाऊक? मी घाटकोपरचा माणूस."

हे मात्र पटण्यासारखं होतं. शेत बुडवायचं तर शहरी माणूस झाप फोडेल. ठोकळा मारणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की झाप ओहोटीच्या अखेरीसच सुटी असते, आणि त्या शनिवारी ती वेळ नऊ ते दहाच्या दरम्यानची होती. एकदा भरती लागली की दहा माणसांनाही ती उघडत नाही. हे काम खाडीवर वाढलेल्या माणसाचं होतं, आणि क्लबातल्या कुणाला खाडी म्हणजे फक्त वास माहीत होता.

म्हणजे पुन्हा नाथाच.

आत मृणाली कॅसेटी रचत होती. ती क्लबची 'प्रमोटर', म्हणजे पाहुणे आणायचं, तिकिटं फाडायचं, शर्ट आणि दर शनिवारी वाजलेल्या संगीताच्या कॅसेटी विकायचं काम तिचं. मुलगी वाईट नव्हती, पण प्रत्येक वाक्य नुकतीच परदेशातून आल्यासारखं बोलायची. होती डोंबिवलीची. तिच्या शर्टावर छातीभर एकच शब्द छापला होता: 'गाडी!'

"हे काय?" मी विचारलं.

"तुम्ही क्लबांवर लिहिता आणि आमची गाडी माहीत नाही?" तिला माझी कीव आली. "गिरणीच्या मागे रूळ आहेत ना. शनिवारी साडेनऊच्या सुमाराला मालगाडी जाते. सगळी गिरणी हादरते आणि आमच्या डीजे स्कायच्या रेकॉर्डवरची सुई उडते. ठक ठक ठक! की सगळ्यांनी हात वर करायचे आणि ओरडायचं, 'गाडीऽऽ!' लंडनमध्येपण असं नाही कुठे."

लंडनमध्ये बहुधा सुईखाली रबर घालत असतील. इथे यंत्रातल्या दोषाचा सण झाला होता आणि त्याचे शर्ट विकले जात होते. या लोकांच्या संगीताबद्दल मी तीन वर्षं जे लिहीत होते, ते या मुलीने एका शर्टात सांगून टाकलं.

"काल कशी झाली गाडी?"

"एकदम भारी! त्या बाळाच्या हसण्याच्या ट्रॅकवर. बाळ हसायला लागलं आणि तेवढ्यात गाडी! लोक वेडे झाले."

"आणि स्काय तेव्हा जागेवरच होता?"

"मग सुई कुणाची उडाली?" मृणाली म्हणाली. "आठ ते अकरा तो बूथमधून हलला नाही. दोनशे साक्षीदार आहेत."

४

डीजे स्काय गिरणीच्या माळ्यावरच्या काळ्या काचेच्या खोलीत वाजवायचा. खालून पाहिलं तर धूर आणि दिवे, माणूस दिसायचा नाही. माळ्याला मागच्या बाजूने एक शिडी होती, गिरणीच्या काळात पोती चढवायची.

तो पंचविशीतला, केस चंदेरी रंगवलेले, पायात पांढरेशुभ्र बूट. जन्म वांद्र्याचा, शिक्षण लंडनचं असं त्याने सांगितलं. मराठी मोडकं बोलायचा, पण ती मोडतोड प्रत्येक वाक्यात वेगळ्या जागी व्हायची.

"इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणजे माती," तो म्हणाला. "आय मीन, रूट्स."

"मातीवरून आठवलं. शेत पाहिलंत?"

"नो. चला, बघू. पेपरला माझा फोटो घ्या तिथे. दुःखी चेहरा करतो."

आम्ही बांधावर गेलो. मी, प्रविणशेठ, मृणाली, स्काय आणि पेपरसाठी घेतलेला माझा जुना कॅमेरा. खारेपाटाचा बांध ओला असला की साबणासारखा असतो. प्रविणशेठ तिसऱ्या पावलाला बसला. मृणालीचे बूट घोट्यापर्यंत रुतले आणि ती तिथेच उभी राहून किंचाळायला लागली. मीसुद्धा एकदा गवत धरलं. स्कायने बूट काढून बगलेत मारले, पावलं आडवी टाकत, लंडनमधल्या कुठल्याशा क्लबाचं वर्णन करत थेट उघाडीपाशी गेला आणि मागे वळून आमची वाट बघत उभा राहिला.

शेत बघवत नव्हतं. लोंब्या पाण्यावर आडव्या झाल्या होत्या. कालपर्यंत हिरवं सोनेरी असलेलं पीक आज ओल्या केरासारखं दिसत होतं. आणि शेजारी हा दुःखी चेहऱ्याचा सराव करत होता.

"लवकर आटपा," तो खाडीकडे बघून म्हणाला. "भरत आलीय."

मी खाडीकडे पाहिलं. मला तरी पाणी होतं तिथेच दिसत होतं. मी फोटो काढला.

परत येताना मी मनाशी जुळवत होते. पाय खाडीचे, डोळे खाडीचे. पण त्या पायांचा मालक साडेनऊला माळ्यावर होता. गाडी गेली होती, सुई उडाली होती, दोनशे माणसं ओरडली होती. रेकॉर्डवर सुई आहे म्हणजे माणूस तिथे आहे. ही साक्ष फोडायची कशी?

५

ठाण्यावर नाथा भिंतीला टेकून बसला होता. फौजदार सज्जन होते, पण घाईत होते. त्यांच्यापाशी माणूस होता, बॅटरी होती आणि मावशीचा जबाब होता.

"मावशीला वाटतंय का मी केला?" नाथाने मला विचारलं. बाकी त्याने काहीच विचारलं नाही.

मला खोटं बोलता आलं असतं. त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि मान खाली घातली.

"नोकरी मागाय गेलो, ती चूक झायली," तो म्हणाला. "पण उघाडी माझ्या आजानं बसवलीय. तिच्यात ठोकळा मारीन मी?"

मी फौजदारांना विनंती केली, साहेब, एकदा गिरणीत चला, ठोकळ्याचा रंग तरी जुळवून बघा. ते माझ्या पेपरला घाबरले असावेत. आम्ही जीपने निघालो. नाथाही मागे होता. वाटेत मावशीला घेतलं. ती पुढे बसली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

गिरणीत मृणाली कॅसेटी रचतच होती. ठोकळ्याचा रंग माळ्याच्या कठड्याशी जुळला. "पण साहेब, असले तुकडे बाहेर ढिगाने पडलेत, कुणीही उचलेल," प्रविणशेठ म्हणाला, आणि बरोबरच म्हणाला. फौजदार घड्याळ बघायला लागले. नाथा पुन्हा जीपकडे वळला.

तेवढ्यात पायाखालची जमीन थरथरली. कॅसेटी फळीवर खडखडल्या, छतावरचा पत्रा वाजला, आणि मागच्या रुळांवरून एक लांबलचक गाडी धडधडत गेली.

मृणालीने सवयीने दोन्ही हात वर केले. "गाडीऽऽ!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. सकाळच्या एसटीतल्या कोंबड्या, ते रडणारं पोर, रोह्याची बंद खिडकी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"फौजदारसाहेब," मी म्हणाले, "स्टेशनला फोन लावा. विचारा, काल दुपारनंतर या रुळांवरून गेलेली पहिली गाडी कुठली?"

६

फौजदारांनी प्रविणशेठच्या टेबलावरूनच फोन केला. दोन वाक्यं ऐकली आणि फोन ठेवला.

"आत्ता गेली ती पहिली," ते म्हणाले. "काल दुपारपासून मार्ग बंद होता."

"शक्य नाही," मृणाली म्हणाली. "काल आम्ही सगळ्यांनी..."

"काय केलंत? गाडी पाहिलीत?" मी विचारलं.

"नाही. पण सुई उडाली ना!"

"जमीन हादरली?"

ती गोंधळली. "तिथे नेहमीच हादरतं. स्पीकरचा बेस असतो."

मला हसू आलं, आणि रागही. दोनशे माणसांनी न आलेल्या गाडीला हात वर करून सलामी दिली होती. सगळे आले होते मोटारींनी. रेल्वे धावते की नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी ती मालगाडी म्हणजे स्कायच्या संगीतातला एक तुकडा. आवाज झाला, ओरडायचं. एकालाही वाटलं नाही की पाय काय सांगतात ते बघावं, आणि हे लोक म्हणे पायांसाठी संगीत ऐकतात!

"गाडी नव्हती, मग सुई का उडाली?" मी म्हणाले. "कारण काल सुई नव्हतीच. मृणाली, मागच्या शनिवारची कॅसेट काढ. ज्या तुम्ही विकता त्यातली."

तिने कॅसेट लावली. बराच वेळ नुसता ठोका चालला. फौजदारांनी कपाळ चोळलं. मग एक बाळ खिदळायला लागलं. आणि त्या हसण्यावर, ठक ठक ठक, सुई उडाली.

मृणालीचे हात अर्धे वर आले आणि तिथेच थांबले. "हेच," ती पुटपुटली. "काल हेच होतं. अगदी इथेच."

"मागच्या शनिवारी खरी गाडी गेली, तिचा धक्का या कॅसेटच्या पट्टीत उतरला. काल कुणीतरी हीच पट्टी लावली, धक्का साडेनऊच्या सुमाराला येईल अशा बेताने. विचार हुशारीचा होता. सुई उडाली की सगळे शपथेवर सांगतील, स्काय वर होता, रेकॉर्ड वाजवत होता. तोवर हा मागच्या शिडीने उतरून उघाडीवर. खरी गाडी आली असती तर पट्टीतला धक्का आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळून गेले असते. पण गाडी आलीच नाही. बांधावर उभं राहून त्याला ते कळलंही असेल. पट्टी थांबवायला मात्र तो वर नव्हता."

स्काय हसला. "मी लंडनला शिकलोय, मॅडम. मला काय माहीत भरती ओहोटी?"

"दुपारी तुम्हीच म्हणालात, खाडी भरत आलीय. मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. आणि या बांधावर आम्ही सगळे घसरलो. तुम्ही बूट बगलेत मारून गप्पा मारत गेलात."

"योगा करतो मी."

"नाव काय तुमचं?" फौजदारांनी विचारलं. "खरं."

इतका वेळ मावशी दाराशी उभी होती. ती पुढे आली. चंदेरी केसांखालचा चेहरा तिने नीट न्याहाळला.

"गो माय!" ती म्हणाली. "ह्यो तर खाडीपलीकडच्या विठूचा पोपट. बाप उघाड्या राखायचा ह्याचा. काय रं, केसांना चुना लावलास काय?"

डीजे स्काय म्हणजे पोपट! पेपरात कितीही क्रूर लिहायचं ठरवलं असतं तरी मला हे सुचलं नसतं.

पोपट एकदम खाली बसला, आणि पहिल्यांदाच अस्सल बोलीत बोलला. "शेठनं सांगितला. जमीन मिळाली का क्लबात भागीदारी देतो बोलला. मावशे, मना वाटला तुला पैसे तरी मिळतील. त्या चिखलात हाय काय?"

"मी असं काही बोललोच नाही," प्रविणशेठने चष्मा काढला. डोळे लहान होते. "हा कोण माणूस आहे हेच मला आज कळतंय."

"ठाण्यावर चला, तिथे ओळख करून देतो," फौजदार म्हणाले.

मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नाथाकडे गेली होती. तिने त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि तशीच त्याच्या खांद्याला धरून रडायला लागली.

"माझीच जीभ जळाली रं," ती म्हणत होती. "माझ्याच पोराचा नाव सांगून आले."

"ऱ्हाव दे गो, मावशे," नाथा म्हणाला. "मीपण तसाच बोललेलो. चिखलात काय ठेवलाय म्हणून."

७

व्होल्टेज बंद पडला. प्रकरण कोर्टात गेलं म्हणून नव्हे. उलट पुढच्या शनिवारी दुप्पट गर्दी झाली आणि शर्ट संपले. बंद पडला कारण नवीन वर्षात कुणीतरी कर्जतकडे एका रिकाम्या पोल्ट्रीत क्लब काढला आणि सगळं बंड उठून कोंबड्यांच्या जागी गेलं. मला बोलावणं आलं होतं. मी सदर सोडलं आणि मार्केट यार्डाच्या भावांचं पान मागून घेतलं. कांद्याचा भाव पडतो तेव्हा तो खरंच पडलेला असतो.

जमिनीला गिऱ्हाइकं येत राहिली. मावशीने एकालाही उभं केलं नाही. भात होत नाही तर नाही, म्हणाली, आणि नाथाला कुदळ दिली. दोघांनी शेताच्या कडा उंच केल्या, उघाडी दुरुस्त केली आणि खाडीचं पाणी या वेळी आपल्या मर्जीने आत घेतलं. शेताचं तळं झालं, त्यात जिताडा माशाची पिल्लं सोडली.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी मी गेले तेव्हा दोघं कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होती. गिरणीच्या काळ्या रंगाचे पोपडे सुटले होते.

"नमू," मावशीने पाण्यातूनच विचारलं, "एक सांग. ती दोनशे माणसा. गाडी नाय आली हे एकाला पण कसा नाय कळला गो?"

"त्यांना सांगितलं होतं मावशी, सुई उडाली की गाडी आली."

"शिकलेली व्हती ना?"

मी उत्तर देणार तोच रूळ वाजायला लागले. बांध थरथरला, तळ्याच्या पाण्यावर शहारा आला आणि गिरणीमागून मालगाडी निघाली. नाथाने माझ्याकडे बघून दात काढले, दोन्ही हात वर फेकले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "गाडीऽऽ!"

"मेल्या, जाळा!" मावशी किंचाळली. "जाळा सोडलास ना! जिताडा चालला बघ!"

आणि दोघंही पाण्यात पडली.